ओळ, क्रमांक आणि दुवा

कराडला लागूनच, पुणे-बंगळूर महामार्गावर मलकापूर वसले आहे. एका अंगाला कोयना, पाठीशी आगाशिवचा डोंगर. या गावी 'आज पाणी किती वाजता येणार?' असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सन २००० नंतरच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने येथे चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना उभी केली, आणि घरोघरीच्या नळाला मीटर बसले. हे मीटर दुरूनच, रेडिओलहरींच्या साहाय्याने वाचता येतात. लहान शहराला चोवीस तास पाणी देता येते का, हे पाहायला बाहेरगावची माणसे मलकापूरला येऊ लागली ती त्यानंतर.

या योजनेचे अभियांत्रिकी अंग हा वेगळ्या लेखाचा विषय होईल. आम्हांला आज तिच्या एका साध्या अंगाकडे लक्ष वेधायचे आहे. पाणी मोजून द्यायचे म्हटले की नोंद आली, आणि नोंद आली की तक्ता आला. अशा तक्त्यात एका ओळीत एक नळजोडणी असते. डावीकडून उजवीकडे वाचत जावे: ग्राहक क्रमांक, नाव, मागील वाचन, चालू वाचन, वापर. समजा, एका ओळीत मागील वाचन ४१२ आणि चालू वाचन ४३० आहे. वापर झाला १८ घनमीटर, म्हणजे १८,००० लिटर. तिच्या खालच्या ओळीत ६५५ आणि ६९१ आहे, म्हणजे वापर ३६ घनमीटर. वाचणाऱ्याची नजर शेवटच्या रकान्यात एक ओळ खाली घसरली, तर पहिल्या घराच्या माथी दुप्पट पाणी बसेल. वापराबरोबर दरही टप्प्याटप्प्याने चढता असेल, तर बिल दुपटीहूनही जास्त होईल.

म्हणजे तक्त्यातील ओळ ही कागदावरची नुसती आडवी रेघ नाही. ती एका घराची गोष्ट आहे. ओळ अखंड राहिली तरच तिला अर्थ आहे.

हाच तक्ता आता संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर येतो, आणि आपली साहजिक अपेक्षा असते की ओळीवर कुठेही बोट टेकवले की त्या घराचे पूर्ण खाते उघडावे. पण पुष्कळ ठिकाणी ग्राहक क्रमांकाच्या बारीक निळ्या आकड्यांवरच नेमकी टिचकी मारावी लागते. नावावर मारली तर काहीच होत नाही. एवढी साधी सोय का असू नये? वेबची पाने लिहिणाऱ्यांना हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षे पडतो आहे. 'संपूर्ण ओळ म्हणजे एक दुवा' असे सरळ लिहिण्याची सोय वेबच्या भाषेत आजही नाही. असे का झाले याचे उत्तर इतिहासात सापडते, आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या गावच्या दप्तरातूनही जातो.

ओळीला नाव कसे मिळाले?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'प्लिम्प्टन ३२२' या नावाने ओळखली जाणारी मातीची एक वीट आहे. ती आजच्या इराकमधील, सुमारे ३८०० वर्षांपूर्वीची. गणिताच्या शिक्षकांना ती काटकोन त्रिकोणाच्या बाजूंच्या संख्यांमुळे परिचित असेल. तिच्यावर १५ ओळी आणि ४ रकाने आहेत, रकान्यांना मथळे आहेत. यांतला शेवटचा रकाना गणिताचा नाही. त्यात फक्त ओळींचे क्रमांक आहेत, १ पासून १५ पर्यंत. म्हणजे ओळीला स्वतःचे नाव असावे, 'अमुक क्रमांकाची ओळ' असे म्हणता यावे, ही गरज त्या लेखनिकालाही भासली होती.

क्रमांक दिला की एक नवी शक्ती हाती येते. दुसऱ्या ठिकाणी तो क्रमांक लिहिला की वाचणारा बरोबर या ओळीवर येऊन पोहोचू शकतो. आज आपण ज्याला दुवा म्हणतो, त्याचे बीज एवढेच आहे.

तलाठ्याच्या दप्तरातले दुवे

मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी मोजणी सुरू केली. त्या पद्धतीत प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, तोच सर्व्हे नंबर. १८४८ साली सातारा संस्थान खालसा झाले आणि पुढे ही मोजणी कृष्णा-कोयनेच्या काठीही आली. शेताला नंबर मिळाला, पण शेत कुणाच्या हक्कात आहे हे बदलत राहते. बाप जातो, मुलांची नावे लागतात. जमीन विकली जाते, गहाण पडते. हे बदल टिपण्यासाठी १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा झाला. आज आपल्याकडे लागू आहे तो महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, आणि हक्कनोंदींचे नमुने ठरवणारे नियम १९७१ चे.

या नियमांतून गाव नमुन्यांची जी रचना उभी राहिली, तिच्याकडे दुव्यांच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. त्यात शेताचा गट नंबर, क्षेत्र, आकार आणि भोगवटादाराचे नाव असते. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. हे दोन मिळून झाला आपला सातबारा. नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या गावातील सगळ्या जमिनी एकत्र लिहिलेल्या असतात. आणि नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. कोणता बदल केव्हा व का झाला, ते तिच्यात कळते.

आता सातबाऱ्यावरची एखादी ओळ पाहा. नावाजवळ खाते क्रमांक असतो. तो घेऊन आठ-अ कडे जावे, तर त्या माणसाची बाकीची जमीन दिसते. आठ-अ मध्ये गट नंबर असतात. तो घेऊन परत सातबाऱ्यावर यावे. शिवाय नावाशी फेरफाराचा क्रमांक दिलेला असतो, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तो वर्तुळात लिहीत. ते वर्तुळ म्हणजे जणू सांगणे होते: 'हे नाव येथे का आले हे पाहायचे असेल, तर फेरफार वहीतली अमुक नोंद उघडा.' नाव कमी झाले तर ते खोडत नसत, त्याला कंस करीत, म्हणजे जुना दुवाही तुटत नसे.

या रचनेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की दुवा ओळीतल्या एका लहानशा घरात लिहिलेला असला, तरी तो साऱ्या ओळीचा असतो. वर्तुळातला ८७६ हा त्या नावाचा, त्या क्षेत्राचा, त्या हक्काचा दाखला असतो. दुसरी अशी, की दुवा कागदावर लिहिलेला असतो. तलाठी बदलून गेला, दप्तर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले, तरी तो क्रमांक वाचता येणारा कुणीही मूळ नोंदीपर्यंत पोहोचू शकतो. याउलट, 'ते दप्तर कुठे आहे ते शिपायालाच ठाऊक' अशी व्यवस्था असेल, तर शिपाई रजेवर गेला की सगळेच अडते. ही शिपायाची उपमा वाचकांनी लक्षात ठेवावी, ती पुढे उपयोगी पडणार आहे.

ओळ संगणकात शिरते

संगणकात माहिती साठवू लागल्यावर आरंभीच्या काळात शिपायाचीच व्यवस्था होती. कोणती नोंद चकतीवर कोठे ठेवली आहे, तिच्यापासून पुढच्या नोंदीकडे कोणत्या वाटेने जायचे, हे कार्यक्रम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. साठवण बदलली की कार्यक्रम बिघडत. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड या गणितज्ञाने जून १९७० मध्ये एक निबंध प्रसिद्ध करून वेगळी वाट दाखवली. सगळी माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळ एखाद्या क्रमांकाने ओळखता यावी, आणि एका तक्त्यातील ओळीने दुसऱ्या तक्त्यातील ओळीकडे बोट दाखवायचे ते तिचा क्रमांक आपल्यापाशी लिहून ठेवून. जागा कोठे आहे, हे यंत्राने पाहावे.

कॉड यांचा हा विचार आणि फेरफार क्रमांकाचे वर्तुळ यांत जातकुळीचे साम्य आहे. एकावरून दुसरे सुचले असे अर्थातच नाही. पण नोंदी टिकवायच्या आणि अनेकांना वाचता याव्या असे वाटले, की माणसे वेगवेगळ्या काळी याच उत्तरापाशी येतात: पत्ता ओळीतच लिहा. आज पाण्याचे बिल, रेल्वेचे आरक्षण, बँकेचे खाते, सगळ्यांच्या मुळाशी कॉड यांच्या पद्धतीचे तक्ते आहेत. २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही अशाच साठवणीतून निघतो.

दोन घरांत वाढलेली भावंडे

दुव्याची कल्पना मात्र दुसऱ्याच घरात वाढत होती. १९६५ साली टेड नेल्सन यांनी 'हायपरटेक्स्ट' हा शब्द प्रचारात आणला. वाचता वाचता एका मजकुरातून दुसऱ्यात शिरता यावे, अशी त्यांची कल्पना. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबर्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे माउस आणि पडद्यावरचे दुवे यांचे जाहीर प्रात्यक्षिक केले. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जो प्रस्ताव मांडला, त्यातून वेब जन्माला आले. १९९१ मध्ये ते संस्थेबाहेरच्या लोकांसाठीही खुले झाले.

वेबचे पान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहितात. त्या भाषेच्या १९९१ च्या पहिल्या यादीत दुव्याची खूण होती. तिचे नाव फक्त 'ए', म्हणजे 'अँकर', जहाजाचा नांगर. वाहत्या मजकुरातल्या दोन-चार शब्दांना ही खूण लावायची आणि तिच्यात पुढच्या पानाचा पत्ता लिहायचा. या यादीत तक्त्याची खूण नव्हती. शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांची आणि टिपणांची ती भाषा, तिची कल्पना वाहत्या मजकुरावर बेतलेली होती.

तक्ता नंतर आला. डेव्ह रॅगेट यांनी १९९३ च्या आपल्या आराखड्यात तो सुचवला. १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये तो दिसू लागला. मे १९९६ मध्ये रॅगेट यांचे तक्त्याचे टिपण प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये तो अधिकृत झाला. तक्त्याच्या या रचनेवर छपाईच्या व्यवहारातील जुन्या पद्धतीचा, विशेषतः अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दस्तऐवजांसाठी तयार झालेल्या तक्त्यांच्या नमुन्याचा प्रभाव होता. छापील तक्त्याला टिचकी कोण मारणार?

म्हणून तक्त्याची शिस्त कडक ठेवली गेली. 'टेबल'च्या आत ओळी, म्हणजे 'टीआर' या खुणा. ओळीच्या आत घरे, म्हणजे मथळ्यासाठी 'टीएच' आणि माहितीसाठी 'टीडी'. मजकूर असेल तो घराच्या आत. ओळ आणि घर यांच्या मध्ये किंवा ओळीच्या भोवती दुसरे काही चालत नाही. ही शिस्त विनाकारण नाही. तिसऱ्या ओळीचे चौथे घर कोणत्या मथळ्याखाली येते, हे ब्राउझर घरे मोजूनच ठरवतो. मध्येच कुणी परका शिरला तर मोजणी चुकेल.

आता कुणी ओळीभोवती दुव्याची खूण गुंडाळली तर काय होते? ब्राउझर रागावत नाही. तो त्या परक्या खुणेला उचलतो आणि तक्त्याच्या बाहेर, वरच्या अंगाला नेऊन ठेवतो. दुवा बाहेर रिकामा पडतो आणि ओळी आत होत्या तशाच राहतात. पान लिहिणारा बुचकळ्यात पडतो. २०१४ साली एचटीएमएल ५ अधिकृत झाले, तेव्हा दुव्याची खूण परिच्छेदांभोवती, मथळ्यांभोवतीही लावण्याची मुभा मिळाली. ओळीला ती तेव्हाही मिळाली नाही.

एक वाट मध्यंतरी उघडली होती. वेबचे नियम ठरवणाऱ्या संघटनेत २००२ पासून एक्सएचटीएमएल २ या नव्या भाषेचे मसुदे तयार होत होते. त्यांत पत्ता कोणत्याही खुणेला लावता येईल अशी तरतूद होती. ती अमलात आली असती, तर ओळीलाही सरळ पत्ता देता आला असता आणि हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. पण ती भाषा जुन्या पानांशी जुळणारी नव्हती, आणि ब्राउझर तयार करणाऱ्यांनी तिला उचलून धरले नाही. जुलै २००९ मध्ये हे काम त्या वर्षाअखेर थांबवण्याचे जाहीर झाले.

शिपायाची पुन्हा नेमणूक

ओळभर टिचकीची इच्छा मात्र कमी झाली नव्हती, आणि ती रास्त होती. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये प्रयोगाने दाखवले, की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्याची अवघडता लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. अंतराची दुप्पट भागिले रुंदी, आणि येणाऱ्या संख्येचा २ या पायावरील लॉगॅरिदम, ही अवघडता. अंतर १६० मिलिमीटर आणि लक्ष्य १० मिलिमीटर असेल, तर ३२० भागिले १० म्हणजे ३२, अवघडता ५. लक्ष्य ४० मिलिमीटर केले, तर भागाकार ८ आणि अवघडता ३. अकरावीच्या वर्गात लॉगॅरिदम शिकवताना हे उदाहरण घेता येईल.

येथे एक मेख आहे. ही रुंदी हात ज्या दिशेने सरकतो त्या दिशेने मोजायची. ओळ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली, तरी बोट वरून खाली येत असेल तर तिची उंचीच कामाची, आणि ती कमीच राहते. म्हणून ओळ दाबायची करताना तिची उंचीही वाढवावी लागते. नाहीतर पाण्याच्या बिलातली ती जुनी चूक, एक ओळ खाली घसरण्याची, नजरेऐवजी बोटाने होऊ लागते. वेबच्या सुलभतेचे जे नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्याने आले, त्यांत दाबायच्या जागेची किमान मर्यादा, काही अपवाद सोडून, २४ बाय २४ पिक्सेल अशी ठरवली आहे.

भाषेत सोय नाही म्हटल्यावर लोकांनी आडवाट शोधली. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली होती. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये जवळजवळ कोणत्याही खुणेला 'ऑनक्लिक' ही सूचना जोडता येऊ लागली: येथे टिचकी बसली की अमुक कृती कर. झाले! ओळीला ही सूचना जोडायची आणि कृती म्हणून दुसरे पान उघडायचे. माउस हाती असलेल्या माणसाला ही ओळ हुबेहूब दुव्यासारखी वाटते.

पण ती दुवा नसते. आपल्या दप्तराच्या भाषेत सांगायचे तर येथे वर्तुळ काढले आहे, आत क्रमांक नाही. क्रमांक शिपायाच्या डोक्यात आहे. त्याला खांद्यावर टिचकी मारली तरच तो उठतो.

याचा त्रास कुणाला होतो ते पाहू. ज्याचे हात थरथरतात, किंवा ज्याला माउस धरता येत नाही, तो कळफलकावरची टॅब ही कळ दाबत एकेका दुव्यावर जातो. खऱ्या दुव्यावर टॅब थांबते, या ओळीवर थांबत नाही. तिच्यावरून ती निघून जाते. अंध वाचक पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या मदतीने पान ऐकतो. खरा दुवा आला की तो कार्यक्रम 'दुवा' असे सांगतो. ऑनक्लिकच्या ओळीबद्दल तो बहुधा काहीच सांगत नाही. त्या वाचकाच्या लेखी ते दार भिंतीसारखेच असते. डोळस माणसालाही ते पान नव्या खिडकीत उघडता येत नाही, पत्ता उतरवून दुसऱ्याला पाठवता येत नाही. ओळीतला क्रमांक नक्कल करण्यासाठी त्यावर बोट ठेवले तर पानच बदलते. आणि एखाद्या कारणाने जावास्क्रिप्ट चालले नाही, म्हणजे शिपाई रजेवर गेला, की सगळी ओळ मुकी होते.

ही बाब सौजन्याची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कळफलकाने सर्व काही करता आले पाहिजे, हा नियम डिसेंबर २००८ च्या जागतिक सुलभता नियमावलीत आहे. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने माहितीची सुलभता हा हक्क मानला. पाण्याचे बिल, सातबारा, परीक्षेचा निकाल ही माहिती ज्याची त्याला स्वतः पाहता आली पाहिजे. त्यासाठी दुसऱ्याला 'जरा उघडून दे' म्हणावे लागणे हे कमीपणाचे आहे, आणि कधी कधी धोक्याचेही.

मग उपाय कोणता?

आणखी दोन आडवाटा आहेत, त्यांचीही पारख करू. पहिली, प्रत्येक घरात वेगळा दुवा घालणे. ५ रकाने आणि ४० ओळी असतील तर दुवे झाले २००. टॅबने जाणाऱ्याला शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचायला दोनशेच्या आसपास वेळा कळ दाबावी लागेल, आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक घरी तोच दुवा नव्याने ऐकावा लागेल. दुसरी वाट म्हणजे तक्ता मोडून टाकणे. ओळींऐवजी सरळ दुवेच लिहायचे आणि रंगरूपाच्या सूचनांनी त्यांना तक्त्यासारखे दिसायला लावायचे. दिसायला तक्ता दिसतो, पण रकान्याचा मथळा आणि घर यांचे नाते तुटते. ऐकणाऱ्याला '४३०' ऐकू येते. ते मागील वाचन की चालू, हे कळत नाही.

चांगला उपाय त्या मानाने जुन्या वळणाचा आहे. ओळीतल्या एकाच घरात, ग्राहक क्रमांकाच्या किंवा नावाच्या, खरा दुवा पत्त्यासह लिहायचा. मग रंगरूपाच्या सूचनांनी त्या दुव्यावर एक अदृश्य आवरण चढवून ते साऱ्या ओळीवर पसरायचे. दुवा एकच राहतो, टॅब त्यावर थांबते, ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो, आणि बोट मात्र ओळीत कोठेही टेकवता येते. या उपायातही बरीच वर्षे एक अडचण होती. असे आवरण ओळीच्या मापाने बसवायचे, तर ओळीला स्थानाचा आधार मानावे लागते, आणि २०११ च्या सीएसएस २.१ या नियमावलीत तक्त्याच्या ओळीबाबत हा परिणाम अनिश्चित ठेवला होता. त्यामुळे ब्राउझरगणिक निराळे चित्र दिसे. नंतरच्या नियमांत ही त्रुटी भरून काढण्यात आली. या उपायाची एक मर्यादाही सांगायला हवी. आवरणाखालचा मजकूर निवडून नक्कल करणे अवघड जाते, आणि ओळीत दुसरे एखादे बटण असेल तर ते आवरणाच्या वर काढून ठेवावे लागते. ज्या तक्त्यातून आकडे उतरवून घ्यायचे असतात, तेथे साधा, ठळक, एका घरातला दुवाच बरा.

पाहा, फिरून आपण फेरफाराच्या वर्तुळापाशीच आलो. पत्ता एका घरात लिहिलेला, आणि तो साऱ्या ओळीचा.

शाळेत करून पाहण्यासारखे

हा विषय वर्गात न्यायला संगणकच लागतो असे नाही. शाळेच्या दप्तरातून जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक आणि निकालपत्रक यांचे नमुने घ्या. खरी नावे न वापरता त्यांत कल्पित नावे भरा, आणि त्यांत एकसारख्या नावाचे दोन विद्यार्थी मुद्दाम घाला. प्रथम क्रमांकाचा रकाना कागदाने झाकून 'या विद्यार्थ्याचा निकाल काढा' असे सांगा. मुले अडखळतील. मग कागद काढा. क्रमांक ओळीला काय देतो, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

संगणक उपलब्ध असेल तर दुसरा प्रयोग करावा. तक्ता असलेले कोणतेही पान उघडा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटर या कळांनी हवी ती ओळ उघडून दाखवा, असे मुलांना सांगा. काही पानांवर ते सहज जमेल, काहींवर अजिबात जमणार नाही. जेथे जमले नाही तेथे मुलांना विचारा: येथे दार नाही, की दार आहे पण आपल्याला ते सांगितलेले नाही? पुढे यांतलीच काही मुले पाणीपट्टीची, रुग्णालयाची, जमिनीच्या नोंदींची पाने लिहिणार आहेत. त्या वेळी वर्तुळात क्रमांक लिहायला ती विसरू नयेत, एवढी सवय शाळेतच लागायला हवी.